समासातली पेन्सिल

चौदाव्या पानाच्या डाव्या समासात, तिसऱ्या ओळीला लागून, एक प्रश्नचिन्ह होतं. उंची चार मिलिमीटर. किंचित उजवीकडे कललेलं. त्याखालचा ठिपका हा ठिपका नव्हताच, पेन्सिल घाईत उचलली की राहतो तसा एक बारीक फराटा होता. ताईंनी पट्टी लावून मोजलं, पण मोजायची गरज होती म्हणून नव्हे. घाम फुटला की हाताला काहीतरी काम द्यायचं, ही त्यांची प्रयोगशाळेतली जुनी सवय. प्रश्नचिन्हाच्या आधी एक शब्द होता: अर्थ. अक्षर त्यांचंच होतं.

त्यांनी पान उलटलं. चार पानांत मिळून नऊ ठिकाणी ‘अर्थ?’ होतं, दोन ठिकाणी ‘क्रियापद?’, एका ठिकाणी ‘हे वाक्य संपतं कुठे?’ आणि सतराव्या पानाच्या तळाशी, अगदी बारीक अक्षरात, ‘इथवर वाचलं. डोकं दुखतंय. बाकी उद्या.’ प्रूफं तपासताना पेन्सिलीने केलेल्या या खुणा आता आठशे प्रतींत, फिकट राखाडी रंगात, सुबक छापून आल्या होत्या. टेबलावर गठ्ठे रचलेले होते आणि अंकाच्या प्रकाशनाला पाऊण तास उरला होता.

हा प्रकार ज्या लेखात घडला तो क्युरेटरचा होता. क्युरेटर म्हणजे चित्रं कुठे टांगायची ते ठरवणारा माणूस, अशी ताईंची समजूत. पण हे गृहस्थ गेली तीन वर्षं एकही चित्र न टांगता क्युरेटर होते. लेखाचं नाव ‘रिक्ततेची घनता’. घनता म्हणजे वस्तुमान भागिले आकारमान, हे ताईंनी उभा जन्म मोजलं होतं. रिक्ततेची किती येईल हे त्यांना न मोजताही सांगता आलं असतं, आणि लेखात ती बरोबर तेवढीच होती.

समकालीन कलेचं हे त्रैमासिक ताईंच्या धाकट्या भावाचं. मुखपृष्ठावर नावाखाली ‘स्वतंत्र’ असा शब्द असे. कुणापासून स्वतंत्र, हे सतरा वर्षांत कुणी विचारलं नव्हतं. वाचकांपासून, असं ताईंचं मत होतं. भाऊ सहा फूट उंच, चोपन्न वर्षांचा, आणि घरात त्याला छोटू म्हणत. हे नाव तळमजल्यावर उच्चारायचं नाही, असा त्याचा दंडक होता. तळमजल्यावर तो संपादक. वरच्या मजल्यावर, जिथे ताई आणि आई राहत, तिथे जेवायला आला की छोटू.

तळमजल्यावर दोन खोल्या. मागची कार्यालयाची, तिथे दोन टेबलं, एक संगणक आणि न खपलेले अंक. पुढची मोठी खोली सांस्कृतिक उपक्रमांची. उपक्रम म्हणाल तर रग्गड. दर महिन्याला एक ‘मौन-संवाद’ होई; त्यात लोक दोन तास गप्प बसत आणि मग काय बोलणं झालं यावर चर्चा करत. एकदा ‘संथ चालणं’ या विषयावर कार्यशाळा झाली. चौदा माणसं कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येईस्तोवर दुपार झाली, आणि वाटेत भाजी घ्यायला निघालेल्या शेजारीण बाई त्यांना दोनदा ओलांडून गेल्या. एक कलावंत तीन महिने निवासाला होता. त्याने मागच्या खोलीतली धूळ रोज गोळा करून नव्वद बाटल्यांत भरली आणि वर तारखा चिकटवल्या. बाटल्या ताईंच्या. प्रदर्शनाच्या दिवशी ताईंनी सहज नजर टाकली, तर एका महिन्याची एकवीस तारीख दोनदा आली होती आणि बावीस नव्हतीच. त्यांनी ते कलावंताच्या कानावर घातलं. तो खूप वेळ विचार करून म्हणाला, की बावीसच्या नसण्यातच सगळं आहे. बाटल्या त्यांनी नंतर स्वतः धुतल्या.

ताई रंगांच्या कारखान्यात होत्या, एकतीस वर्षं, तिथल्या प्रयोगशाळेत. रंग सुकायला किती वेळ लागतो, कुठल्या उन्हात किती उडतो, कुठल्या तेलात फुटतो, हे पाहून कागदावर लिहायचं आणि खाली सही करायची, हे त्यांचं काम. सही म्हणजे ‘मी पाहिलं, आणि हे असं आहे’. याहून जास्त नाही, कमीही नाही. एकदा मोठ्या साहेबांनी न पाहिलेल्या नमुन्यावर सही मागितली तेव्हा ताईंनी पेनाचं टोपण लावलं आणि आधी नमुना आणायला सांगितलं. साहेब आठवडाभर धुसफुसत होते.

त्रैमासिक निघालं तेव्हा छोटू कॉलेजात शिकवत होता, आणि तिथल्या नियमाप्रमाणे त्याला प्रकाशक म्हणून स्वतःचं नाव लावता येत नव्हतं. ताईंनी नुकतीच, वयाच्या बऱ्याच आधी, स्वेच्छानिवृत्ती घेतली होती. शेवटच्या पानावर, मुंगीएवढ्या अक्षरांत, प्रकाशक म्हणून त्यांचं नाव लागलं. ‘नावापुरतंच गं,’ असं छोटू म्हणाला होता. पण नावापुरतं काही असतं हे ताईंच्या रक्तातच नव्हतं. त्या प्रत्येक ओळ वाचू लागल्या. छापखान्याच्या मालकांनी एकदा हात पोळल्यावर, म्हणजे तोंडी मान्य केलेला अंक छापून आल्यावर संपादक ओळखच दाखवेनात तेव्हा, नियम घालून दिला: शेवटच्या प्रुफावर ताईंची सही असल्याशिवाय यंत्र सुरू व्हायचं नाही. ते म्हणत, “संपादकसाहेबांची सही म्हणजे ऑटोग्राफ. ताईंची सही म्हणजे सही.”

पहिली काही वर्षं ताईंना त्यात गोडी होती. अंकात तेव्हा चित्रं असत, आणि चित्रं काढणाऱ्यांशी गप्पा. ताईंचं स्वतःचं अर्ध्या पानाचं सदर असे, ‘रंगाचं रसायन’. वाचक प्रश्न पाठवत, ताई उत्तरं देत. मग हळूहळू चित्रं लहान होत गेली, चित्रांवरचे लेख मोठे होत गेले, आणि एक दिवस सदर ‘तूर्तास’ थांबलं. त्याला चार वर्षं झाली. या चार वर्षांत ताईंनी जे वाचलं त्यातलं निम्मं त्यांना कळलं नाही आणि उरलेलं निम्मं चुकीचं होतं. दर वेळी सही मात्र त्यांनी केली. बाटल्या धुतल्या त्याच दिवशी त्यांनी वहीत तारीख घालून लिहिलं: ‘यापुढे सही नाही. विचाराधीन.’ त्याखाली आता अकरा तारखा होत्या, एकेका अंकाची एकेक, आणि प्रत्येकीपुढे तोच शब्द. विचाराधीन.

कारण आई. आई शहाऐंशीची. अंक आला की ती भिंग घेऊन शेवटचं पान काढायची आणि मोठ्याने वाचायची: संपादक अमुक, प्रकाशक तमुक. दोन्ही लेकरं एका ओळीत. मग अंक उशाशी ठेवायची. आत काय लिहिलंय ते कळत नाही, हे ती बिनदिक्कत सांगे. “पण खाली तुझं नाव असतं ना,” ती ताईंना म्हणायची, “म्हणजे बरोबरच असणार.” हे वाक्य ती कौतुकाने म्हणायची, आणि ताई दर तीन महिन्यांनी ते ऐकून घ्यायच्या.

तर त्या दिवशी, प्रकाशनाला अर्धा तास उरला असताना, मांडणीकार धावत आला. हा बिचारा गुणी माणूस. घरी चार महिन्यांची मुलगी, त्यामुळे डोळे कायम अर्धे मिटलेले. त्याची कामाची एक पद्धत होती. ताईंनी तपासलेलं प्रूफ तो स्कॅन करून संगणकावर मजकुराच्या मागे लावायचा, त्यावर बघून चुका दुरुस्त करायचा आणि शेवटी मागचा थर बंद करायचा. या वेळीही केला होता. पण ताईंची सही होऊन गेल्यावर रात्री संपादकांचा फोन आला, म्हणून त्याने फाईल पुन्हा उघडली, आणि चार पानांवरचा थर उघडाच राहिला.

“काय बदलायला लावलं होतं त्याने?” ताईंनी विचारलं.

“‘संपादक’चं ‘संपादक आणि संकल्पक’ करायचं होतं,” मांडणीकार म्हणाला. “ताई, आता तुम्हीच मला गिळा. साहेबांनी गिळण्यापेक्षा बरं.”

ताई म्हणाल्या की गिळण्यासारखं त्याच्या अंगावर काही राहिलेलं नाही, आधी जाऊन तोंड धुऊन ये. चूक छोटूच्या कानावर त्यांनीच घातली. छोटूचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. या क्रमाने होणारी अभिक्रिया ताईंनी कारखान्यात पुष्कळदा पाहिली होती. गठ्ठे लपवावेत, छपाई अडकली असं सांगावं, असं तो बोलत असतानाच दारात संचालक बाई उभ्या राहिल्या. मोठ्या कलासंस्थेच्या या बाई प्रमुख पाहुण्या. त्यांच्या संस्थेच्या मेहेरबानीवर पुढच्या वर्षीचे सगळे उपक्रम अवलंबून होते. त्यांनी वरचा अंक उचलला आणि नेमका तोच लेख उघडला. बाईंनी चारही पानं पाहिली, वाचली म्हणता येणार नाही, पाहिली. मग चष्मा काढून म्हणाल्या, “हे धाडस कुणाचं?”

छोटू दीड सेकंदात पुढे झाला. “आमचं,” तो म्हणाला. “आम्ही समासाला बोलतं केलंय.”

क्युरेटर तोवर मागे येऊन उभे होते. आपल्याच लेखाशेजारी नऊ वेळा ‘अर्थ?’ वाचून माणूस उखडला असता. पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी मान हळूहळू हलवायला सुरुवात केली, आणि ती हलता हलता होकारार्थी झाली. त्यांनी सभेत सांगितलं की हे दोन आवाजांचं शिल्प आहे. आपण आणि पेन्सिल यांच्यात गेलं वर्षभर हा संवाद चालू होता. ताई त्या माणसाशी आयुष्यात दोनदा बोलल्या होत्या, दोन्ही वेळा पंख्याच्या बटणाबद्दल.

मग जे सुरू झालं त्याला धरबंध राहिला नाही. एका वर्तमानपत्रात अंकावर रकाना आला. ‘डोकं दुखतंय’ या ओळीत आजच्या काळाची वेदना असल्याचं त्यात म्हटलं होतं. ती ओळ पिशव्यांवर छापली गेली. ‘अर्थ?’ या नावाची व्याख्यानमाला झाली. पहिल्या व्याख्यानाला एक निवृत्त गृहस्थ गुंतवणुकीचा सल्ला मिळेल म्हणून आले, अर्ध्या तासाने शेजाऱ्याला आपण चुकीच्या खोलीत आहोत का असं विचारू लागले, आणि दोन बिस्किटं घेऊन निघून गेले. ताईंच्या मते त्या संध्याकाळी विषयाला धरून तेवढेच बोलले होते.

वरच्या मजल्यावर आईने त्या अंकाची ती चार पानं भिंगातून बारकाईने पाहिली. “तुझं अक्षर लगेच ओळखलं मी,” ती ताईंना म्हणाली. “आणि पहिल्यांदाच अंकातलं काहीतरी मला कळलं बघ.”

छोटूने मग जाहीर केलं की पुढचा अंक ‘समास विशेषांक’, आणि पाहुणे संपादक क्युरेटर. आता समास म्हणजे पानाची कड हेही खरं, आणि दोन शब्दांचा जोड हेही शाळेत सगळेच शिकलेले. पण क्युरेटरनी तिसरा अर्थ काढला. समास म्हणजे जिथे समाज आपली नको असलेली माणसं ढकलतो ती जागा. आणि त्या जागेची प्रतिनिधी ताई. हे त्यांनी ताईंना समोर बसवून, आजारी माणसाशी बोलावं तशा मऊ आवाजात सांगितलं. ज्या खुर्चीत बसून सांगितलं ती ताईंची होती, खोली ताईंची होती, घरही ताईंचं होतं. ताई म्हणाल्या, “बरं. मग ढकललेल्या माणसाला एक विनंती करता येते का?”

विनंती साधी होती. सदर बंद झालं तरी वाचकांची पत्रं अधूनमधून येत, आणि ताई ज्याला त्याला घरच्या पत्त्यावर उत्तर धाडत. पण वर्षापूर्वी एक पत्र आलं होतं त्यावर पत्ता नव्हता. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्या एका बाईंचं. आईचं तैलचित्र, त्यांनीच वयाच्या विसाव्या वर्षी काढलेलं, सहा वर्षं कपाटात होतं. बाहेर काढलं तर आईची पांढरी साडी पिवळी पडलेली, चेहरा कावीळ झाल्यासारखा. भाऊ म्हणतो, टाकून दे. बाई भावाकडे राहतात, आलेलं पत्र तो फोडून वाचतो, म्हणून उत्तर अंकातच द्यावं. अंक त्या शाळेच्या वाचनालयात वाचतात. चित्र गेलं का, एवढंच सांगा. गेलं असेल तर मी हट्ट सोडते.

चित्र गेलेलं नव्हतं. जवसाच्या तेलातला पांढरा अंधारात पिवळा पडतो, आणि उजेडात ठेवला की बराचसा परततो. हे ताईंनी स्वतःच्या हाताने, पट्ट्या रंगवून, पेटीत बंद करून, परत खिडकीशी ठेवून पाहिलं होतं. उत्तर त्यांनी त्याच आठवड्यात लिहिलं, अर्धं पान. चार अंक झाले, छोटू ‘पुढच्याला घेऊ’ म्हणत होता. आता ताईंनी ते क्युरेटरपुढे ठेवलं. क्युरेटरनी वाचलं, डोळे मिटले आणि म्हणाले की हे तर विशेषांकाचं हृदय आहे. त्या रात्री ताईंना बऱ्याच दिवसांनी शांत झोप लागली.

प्रकाशनाचा कार्यक्रम म्हणून छोटूने एक टूम काढली होती. अंक छापून प्रकाशित करायचा नाही, छापण्याआधीच करायचा. रविवारी सकाळी अकरा वाजता पुढच्या खोलीत, निमंत्रितांसमोर, ताई टेबलाशी बसतील आणि शेवटच्या प्रुफावर सही करतील. ‘सही: एक सादरीकरण’. निमंत्रण सगळ्या वाचकांना, वाचनालयांना गेलं. ताईंनी पेन्सिलीला टोक केव्हा काढायचं हेही कार्यक्रमात ठरलं होतं. ताईंना हसू आलं, रागही आला, पण अर्ध्या पानासाठी त्या तयार झाल्या.

शुक्रवारी प्रूफ आलं. एकतिसावं पान त्यांनी पहिलं काढलं, आणि पट्टीकडे हात गेला.

मजकुरात जागोजाग पांढऱ्या खिडक्या होत्या. सगळ्या एका मापाच्या, नऊ मिलिमीटर. कुठला शब्द गेला ते समजायला ताईंना दोन ओळी लागल्या. क्युरेटरनी संपूर्ण उत्तरातला ‘नाही’ काढून टाकला होता. जिथे जिथे होता तिथून, सहाच्या सहा. खाली टीप होती: ‘नकारापासून मुक्त केलेला मजकूर.’

मूळ वाक्यं अशी होती: चित्र गेलेलं नाही. ते थेट उन्हात ठेवायचं नाही. स्पिरिटने पुसायचं नाही. आता पानावर होतं: चित्र गेलेलं. ते थेट उन्हात ठेवायचं. स्पिरिटने पुसायचं. ‘नाही’च्या जागी कोरी जागा, जी कुणीही छपाईची खोड समजून ओलांडून जाईल. आणि ते वाचणाऱ्या बाई वर्षभर प्रत्येक अंक उघडून हेच अर्धं पान शोधत होत्या.

ताई प्रूफ घेऊन छोटूकडे गेल्या. तो आमंत्रितांच्या खुर्च्या मोजत होता. त्यांनी एकेक वाक्य वाचून दाखवलं. छोटू म्हणाला की कलेच्या अंकात कुणी सूचना म्हणून वाचत नसतं. ताई म्हणाल्या की एक जण वाचतं. छोटू म्हणाला, एका वाचकासाठी अख्खी संकल्पना मोडायची का? ताई म्हणाल्या की एकूण किती वाचक आहेत ते तो आणि त्या दोघंही जाणतात, तेव्हा एक हा आकडा लहान नाही. यावर तो जरा वरमला. मग लहानपणी अपराध केल्यावर करायचा तसा खांदा पाडून म्हणाला, “बरं ताई, सांगतो त्यांना. लावून घेतो सगळे ‘नाही’ परत. तू नको काळजी करू.”

खांदा पडला की छोटू खोटं बोलतो, हे ताईंना तो पाच वर्षांचा असल्यापासून ठाऊक होतं. तरी त्यांनी विश्वास ठेवला. ही त्यांच्या आयुष्यातली न मोजता घेतलेली शेवटची नोंद.

रविवारी खोली भरली. संचालक बाई पुढे, क्युरेटर काळ्या कपड्यांत, मांडणीकार मुलीला छातीशी बांधून भिंतीशी उभा. छापखान्याचे मालक कडेला अवघडून बसले होते. सही झाली की प्रूफ घेऊन थेट यंत्र सुरू करायचं, असं ठरलं होतं. आईला दोघांनी धरून खाली आणलं होतं आणि पहिल्या रांगेत बसवलं होतं. तिच्या मांडीवर भिंग. मागच्या रांगांत नेहमीचे चेहरे आणि काही अनोळखी.

टेबलावर माईक, पेन्सिल, पेन, प्रूफ. छोटूने प्रास्ताविक केलं, क्युरेटरनी वीस मिनिटं समासावर भाषण केलं. मग ताई टेबलाशी बसल्या. कार्यक्रमात वाचन नव्हतं, नुसती सही होती. पण ताईंनी न वाचता कधी सही केली नव्हती, म्हणून त्या पानं उलटू लागल्या. लोकांना तो सादरीकरणाचा भाग वाटला. कुणीतरी फोटो काढला.

एकतिसावं पान आलं. सहाही खिडक्या कोऱ्या होत्या. नऊ मिलिमीटर.

ताईंनी मान वर केली नाही. पुढे काय होईल हे छोटूने हिशोबात धरलं होतं, ते त्यांना आता लख्ख दिसलं: आई पहिल्या रांगेत, पाहुण्या समोर, सत्तर माणसं, ताई काही करणार नाहीत. सतरा वर्षांच्या नोंदी पाहता त्याचा अंदाज चुकीचा म्हणता आला नसता.

त्यांनी माईक जवळ ओढला आणि ते अर्धं पान वाचायला सुरुवात केली. सावकाश, प्रयोगशाळेत नव्या मुलींना कृती सांगत तसं. खिडकी आली की तिथला शब्द म्हणायच्या. “चित्र गेलेलं नाही. दोन-तीन आठवडे खिडकीजवळच्या उजेडात ठेवावं. थेट उन्हात ठेवायचं नाही. स्पिरिटने पुसायचं नाही.” क्युरेटरनी आधी भुवया उंचावल्या, मग डोळे मिटून मान डोलवायला लागले, त्यांना वाटलं, संकल्पनेला नवा पदर फुटला. दोघांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मागच्या रांगेत एका बाईंनी पर्समधून पेन काढलं आणि निमंत्रणाच्या पाठीवर काहीतरी भरभर लिहून घेतलं. त्या कोण होत्या हे ताईंना दिसलं नाही, विचारताही आलं नसतं. एक ओळ ताईंनी मात्र दुसऱ्यांदा वाचली, पहिलीहून हळू.

वाचून संपलं. छोटू हसतमुखाने पुढे झाला, पेनाचं टोपण काढून पेन ताईंच्या हाताशी ठेवलं आणि वाकून कुजबुजला, “झकास झालं गं. आता कर सही.”

ताईंनी पेन उचललं. पहिल्या रांगेत आईने भिंग डोळ्याला लावलं. इतक्या लांबून तिला त्यातून काय दिसणार होतं कोण जाणे. ताईंनी टोपण शोधलं, लावलं, आणि पेन प्रुफावर आडवं ठेवलं.

“आई,” त्या म्हणाल्या, माईकमधून, नेहमीच्याच आवाजात, “खाली माझं नाव असतं म्हणून तू ते बरोबर समजतेस. ते बरोबर नसतं. मला पुष्कळ दिवस माहीत होतं.” मग छापखान्याच्या मालकांकडे वळल्या. ते आधीच उठून उभे राहिले होते. “तुम्ही निघालात तरी चालेल. मी सही करणार नाही. या अंकावर नाही, आणि यापुढे कुठल्याच नाही.”